अर्धं बोट आत

सीटवाल्यांनी उभ्या आयुष्यात मापाच्या टेपला हात लावला नाही. टेप पडदे शिवणाऱ्यांसाठी असते म्हणायचे, आणि पडदे शिवणाऱ्यांबद्दल त्यांचं मत काही बरं नव्हतं. जुन्या मोटारीची सीट आली की ते तिचं चामडं उसवत, एकेक तुकडा नव्या चामड्यावर पसरत आणि भोवतीनं खडूने आखत. रेघ मात्र अर्धं बोट आत. वर्षानुवर्षं माणसं बसून जुनं चामडं ताणलेलं असतं. त्याच मापाने कापलं तर नव्या सीटवर सुरकुत्या पडतात. ही अर्ध्या बोटाची अक्कल त्यांनी आजूबाजूच्या सगळ्या कारागिरांना दिली होती, कुणी न मागता.

आखायचे ते, कापायची आणि शिवायची त्यांची बायको. पस्तीस वर्षं एकाच खोलीत काम करून दोघांचे भांडायचे विषयही संपले होते.

दातांच्या डॉक्टरांनी वडिलांची पन्नास वर्षांची मोटार आणली, तेव्हा सोबत तपकिरी चामडं आणलं. पुढच्या दोन सीटपुरतंच होतं, आणि ते बनवणारा कारखाना बंद पडलेला.

"जपून हं, काका. दुसरं मिळायचं नाही."

"माझं माप चुकलं तर दुकानाला कुलूप लावीन," सीटवाले म्हणाले. हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे.

चार दिवसांनी त्यांनी कव्हर चढवायला घेतलं, तर ते काठापर्यंत पोचेना. वाफ दिली, गुडघा लावून ओढलं, तेव्हा शिवण उसवली. दुसऱ्या सीटचीही तीच गत. त्यांनी टेबलाखालचा कचरा उपसला. त्यात चामड्याच्या अरुंद पट्ट्या होत्या, आणि पट्ट्यांवर त्यांच्या खडूची रेघ.

"हे काय? माझ्या रेघेच्या आत कापलंस?"

बायको मशीनवरून उठली नाही. "मला वाटलं, अर्धं बोट याही वेळी विसरलात."

"याही वेळी म्हणजे?"

"दोन वर्षं झाली. कधी तुमच्या लक्षात राहतं, कधी नाही. मी जुने तुकडे लावून बघते आणि कापताना सांभाळून घेते. या वेळी ते तुम्ही आधीच टाकून दिलेत. मग अंदाजाने कापलं."

सीटवाले स्टुलावर बसले. दोन वर्षांतल्या एकेका मोटारीची सीट ते आठवून पाहू लागले. लोकांनी तोंडभर कौतुक केलं होतं आणि त्यांनी ते खुशाल घेतलं होतं. त्यातली कुठली रेघ आपली होती, हे त्यांना सांगता येईना. नुकसानीचं त्यांना काही वाटलं नाही. भीती मात्र वाटली, आणि तिची लाजही.

संध्याकाळी डॉक्टर आले. सीटवाले तोंड उघडायच्या आत बायको पुढे झाली.

"डॉक्टर, कापताना माझा हात चुकला. यांचं माप बरोबर होतं."

डॉक्टर बराच वेळ उसवलेली शिवण बघत राहिले. राग त्यांनी गिळला. मग त्यांनी सीटवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला, तरी त्या एवढ्याशा खोलीत तो सगळीकडे ऐकू गेला.

"काकूंचं आता वय झालं, काका. यापुढे कापायचंही तुम्हीच बघत जा."

बायको खाली वाकून चिंध्या गोळा करत होती.

"हो," सीटवाले म्हणाले. "बघतो."