सरकवलेला साइन आणि माधवराव सर

माधवराव सरांची माझी खरी ओळख एका शून्याने झाली. मी अकरावीत होते. सरांनी फळ्यावर एक वक्र काढून त्याचे सूत्र ओळखायला सांगितले. मी लिहिले, साइन, पाय (π) भागिले दोनने डावीकडे सरकवलेला. सरांच्या मनात कोसाइन होता. सगळ्यांसमोर माझे उत्तर खोडून, शून्य देऊन ते म्हणाले, अंदाजपंचे लिहू नकोस. घरी हे कळताच माझ्या वडिलांनी, अप्पांनी, मला गणितातून काढून कॉमर्सला घालायचे ठरवले.

त्याच संध्याकाळी सर सायकलवरून राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत आले. दोन्ही सूत्रांचा वक्र एकच, हे त्यांना घरी गेल्यावर उमगले होते. अप्पांनी पुढे केलेली कॉफी त्यांनी घेतली नाही. उभ्यानेच म्हणाले, “मुलगी बरोबर आहे. चूक माझी.” दुसऱ्या दिवशी वर्गात पांढऱ्या खडूच्या कोसाइनवर त्यांनी पिवळ्या खडूने माझा साइन काढला. पांढरा पुरता झाकला गेला. “अस्के मुलींसमोर खोडलं होतं, अस्के मुलींसमोरच परत घेतो,” असे आमच्या बोलीत म्हणून (अस्के म्हणजे सगळ्या) त्यांनी मला पूर्ण गुण दिले. माझे गणित वाचले.

तेव्हापासून सर पेपर पेन्सिलीने तपासू लागले. लाट कुठे सुरू होते, किती उंच जाते, केव्हा पुन्हा तशीच येते, एवढे आधी पाहायचे आणि नाव मागून द्यायचे, ही त्यांची शिस्त. उत्तर बरोबर आले तरी विचारायचे, याला आणखी काय म्हणता येईल? खेड्यातल्या मुलींची बस चुकली की त्यांच्यासाठी तोच धडा पुन्हा घ्यायचे, कुरकुर न करता.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त हे मोठ्या अभिमानाने लिहायला बसले आणि दुसऱ्या परिच्छेदातच हात थांबला. मीही आता गणितच शिकवते. गेल्या आठवड्यात ओरत्तनाडू गावच्या एका विद्यार्थिनीने उलटा साइन पाय भागिले दोनने उजवीकडे सरकवून लिहिला. उत्तरसूचीत कोसाइन होता. मी लाल पेनाने शून्य दिले. ती विचारायला आली, तर सूची दाखवून वाटेला लावले. तिचे बरोबर होते, हो! सरांची शिष्या म्हणवून घ्यायची मला लाज वाटते, आणि ती इथे सगळ्यांसमोर सांगितल्यावाचून सरांना हात जोडवत नाहीत.

सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि पुढेही कुणी ना कुणी त्यांच्याशी हुज्जत घालत राहो. हा लेख संपादकांकडे देण्याआधी मी ओरत्तनाडूची बस धरते आहे. त्या विद्यार्थिनीच्या घरी कॉफी घेणार नाही. उद्या वर्गात पिवळा खडू घेऊन जाईन.