दोब्रिंका आत्या आणि अठ्ठावन्न किलोमीटर

"गाडीशी बोलू नये, गाडीचं ऐकावं," असं माझी आत्या दोब्रिंका नेहमी म्हणायची. तिला ते शोभायचं. आमच्या गावच्या सहकारी शेतीचा दुधाचा टँकर एकतीस वर्षं तिनंच चालवला. पहाटे दूध भरायचं, गव्हाच्या रानांमधून तिठ्यापर्यंत न्यायचं, तिथं शहरातून आलेल्या मोठ्या गाडीत ओतायचं आणि माघारी वळायचं. तिठ्यावर पाटी होती, समुद्र ५८ किलोमीटर. पाटी तिनं एकतीस वर्षं पाहिली. समुद्र एकदाही नाही.

त्या उन्हाळ्यात ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. उजवा डोळा धूसर झाला होता. परवान्याची मुदत सोमवारी संपत होती, त्याच दिवशी डोळ्यांची तपासणी होती, आणि डॉक्टर काय सांगणार हे ती ओळखून होती. शनिवारी सकाळी ती माझ्या दारात उभी राहिली.

"झेल्यो, ऊठ. समुद्रावर जायचंय. गाडी मी चालवणार, तू नुसता बस."

"आत्या, बसनं जाऊ की निवांत."

"तसं मेंढ्यापण जातात."

तिच्या जुन्या निळ्या गाडीच्या डिकीत आम्ही पाव, पांढरं चीज, टोमॅटो आणि दोन बाटल्या ठेवल्या. तिठा आला तेव्हा आत्यानं पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही, पण गिअर टाकला तो असा, की जणू घोड्याला टाच मारली. दहा किलोमीटरवर सायलेन्सर निखळला. तो तिनं रस्त्यावर आडवं होऊन तारेनं बांधला. पुढं सूर्यफुलांच्या रानाशी बॉनेटमधून वाफ उसळली.

"झाकणाला हात लावू नकोस, आधी निवू दे," ती म्हणाली.

अर्धा तास आम्ही फुलांच्या सावलीत बसलो. मग तिनं फडक्यानं झाकण फिरवलं आणि मी डिकीतली बाटली आणून रेडिएटरमध्ये रिकामी केली. गाडी निघाली. थोड्या वेळानं आत्यानं नाक वर केलं.

"कुठली बाटली ओतलीस?"

"पाण्याची."

"निळ्या झाकणाची की हिरव्या?"

आमच्याकडे घरची राकिया पाण्याच्याच बाटलीत भरतात, आणि द्राक्षांची चांगली दारू पाण्याइतकीच नितळ दिसते.

"गाढवा! दोनदा भट्टीतून काढलेली होती ती!"

तेवढ्यात पुढं पोलिसानं हात केला. तो खिडकीशी वाकला, त्यानं हुंगून पाहिलं, आणि त्याचा चेहराच बदलला.

"आजी, परवाना द्या. आणि यात फुंका."

आत्यानं परवाना पुढं केला, पण त्याचं टोक लगेच सोडलं नाही. आता परवाना गेला असता, तर समुद्रही गेला असता. तिनं फुंकलं. शून्य. पुन्हा फुंकलं. पुन्हा शून्य.

"मग वास कुठून येतोय?"

"गाडी प्यायलीय. या माझ्या भाच्यानं पाजली."

त्यानं बॉनेट उघडायला लावलं, वाकून वास घेतला.

"द्राक्षांची?"

"दोनदा काढलेली," आत्या म्हणाली.

"पाप केलंस रे," तो मला मयताला आल्यासारखा म्हणाला. मग त्यानं परवान्यावरची तारीख वाचली आणि आत्याकडे बराच वेळ पाहिलं.

"सोमवार."

"आज शनिवार आहे," आत्या म्हणाली.

त्यानं परवाना परत दिला. "वळणावर झरा आहे. हिला धुऊन काढा, पोटभर पाणी पाजा. आणि सावकाश जा, आजी."

आम्ही सावकाशच गेलो. दुपारी रस्ता वाळूत संपला. आत्यानं हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"परत जाताना तू चालव."

"का? उद्याचा दिवस आहे की अजून."

"उद्या कुठं जायचंय मला?"

तिनं बूट काढून चाकाशी नीट जोडीनं ठेवले आणि मोज्यांनिशीच निघाली. मी दाराला टेकून पाहत राहिलो. वाळूत छत्रीखाली बसलेला एक कलिंगडवालाही सुरी तशीच धरून पाहत होता. लाट घोट्याला लागली तरी ती थांबली नाही, गुडघ्याएवढ्या पाण्यात जाऊन मगच उभी राहिली.