रिकन्फर्म केलंस का?

बाबा आज सकाळी सहाला गेले, आणि साडेसातपासून मी एका कॉल सेंटरशी भांडतेय.

रडायचं बाकी आहे. ते नंतर बघू.

दादा बंगळुरूहून निघतोय. दुपारी नाशिकच्या ओझर विमानतळावर उतरेल, पाच वाजता अमरधामला अंत्यविधी. त्याने अ‍ॅपवर तिकीट काढून मला स्क्रीनशॉट पाठवला. वर हिरव्या अक्षरांत कन्फर्म्ड.

माझा त्या हिरव्या अक्षरांवर काडीचा विश्वास नाही. का, ते सांगते.

बाबा आयुष्यभर शालिमारजवळच्या एका ट्रॅव्हल एजन्सीत विमानाची तिकिटं लिहायचे. लिहायचे म्हणजे अक्षरशः हाताने. चेकबुकासारखं तिकीट, मागे लाल कार्बन, बॉलपेन दाबून दाबून. शेवटच्या पानावर नीट उमटलं नाही की सगळं रद्द, पुन्हा पहिल्यापासून.

सीट मिळवायला विमान कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसला एसटीडी लावायचा. तिथे एक बाई होत्या. बाबा त्यांना जन्मात कधी भेटले नाहीत.

नाव स्पेल करताना जग ए फॉर अ‍ॅपल म्हणतं. बाबांचं आपलं वेगळंच.
एस फॉर सुरगाणा. पी फॉर पेठ. टी फॉर त्र्यंबक. के फॉर कळवण.

त्या बाईंनी नाशिक कधी पाहिलं नव्हतं, पण जिल्ह्याचे तालुके त्यांना तोंडपाठ झाले होते.

त्या 'हो' म्हणाल्या की मगच बाबा तिकिटावरच्या चौकोनात ओके लिहायचे.

आणि त्यानंतर ते रिकन्फर्म.

तेव्हा नियम होता. परतीच्या विमानाआधी तीन दिवस फोन करून सांगायचं, हो, मी येतोय. नाही सांगितलं तर सीट दुसऱ्याला. बाबा मात्र जातानाच्या तिकिटालाही फोन करायचे. गरज नसली तरी.

पहिल्यांदा विमानात बसणारे द्राक्षवाले यायचे एजन्सीत. एक काका मला अजून आठवतात.

"सायेब, खिडकी भेटंल ना?"
"भेटेल. कानात घालायला कापूस घ्या, शूज पॉलिश करून जा. आणि मी परवा पुन्हा फोन करून विचारणार आहे."
"लय फोन करता बुवा तुम्ही!"

मग कॉम्प्युटर आले, मग अ‍ॅप आली, एजन्सी बंद झाली. बाबा घरी आले ते जगभरातल्या विमानांच्या वेळांचं जाडजूड पुस्तक घेऊन. मी दहादा म्हटलं, रद्दीत द्या.

"त्यातली विमानं उडायची थांबली, त्यात पुस्तकाचा काय दोष?"

असा हट्टी माणूस. डोकं उठायचं माझं.

गेल्या वर्षी आत्या, बाबांची धाकटी बहीण, दादाकडे बंगळुरूला खूप आजारी होती. दादाचा फोन आला, "बाबांना घेऊन ये. सारखी दाराकडे बघतेय."

मी सोफ्यावर बसल्या बसल्या चार मिनिटांत दोन तिकिटं काढली. केवढी ऐट होती मला.

"रिकन्फर्म केलंस का?"
"बाबा, आता कोणी करत नाही."
"एक फोन तर करून बघ."
"कुणाला करू? नंबरच नसतो!"

संध्याकाळी पुन्हा तेच. आणि मी ओरडले. "बाबा, तुमचा जमाना संपला. जरा गप्प बसा ना!"

बसले गप्प.

सकाळी इस्त्रीची पॅन्ट, पॉलिश केलेले शूज घालून तासभर आधीच तयार.

ओझरला पोचलो तर विमान गेलेलं. वेळ अलीकडे आणली होती. काउंटरवरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "मॅम, मेल आणि एसएमएस पाठवला होता."

पाठवला होताच. माझ्या जुन्या नंबरवर, आणि जो मी कधी उघडत नाही त्या मेलवर. अ‍ॅपमध्ये बदलायचं राहिलं होतं.

टॅक्सी करून मुंबईला निघालो, तिथून दुसरं विमान पकडू म्हणून. कसारा घाटात ट्रकच्या रांगेत अडकलो असताना दादाचा फोन आला. आत्या गेली होती.

मला वाटलं बाबा आता मला बोलतील. बोलायला हवं होतं.

ते एवढंच म्हणाले, "त्यांनी कळवलं होतं गं. आपण विचारलं नाही."

आपण म्हणाले. तू नाही.

मी अ‍ॅपला शिव्या घातल्या, कंपनीला घातल्या, घाटातल्या ट्रकांना घातल्या. बाबांना सॉरी म्हटलं नाही. वर्षभर एकाच घरात राहून नाही म्हटलं.

म्हणून आज सकाळपासून कानाला फोन.

हिंदीसाठी दोन दाबा. दाबलं. संगीत. मग तो बॉट, "माफ़ कीजिए, मैं समझ नहीं पाया." पाच वेळा नाही समझ पाया. मी अंगणात उभी राहून मशीनवर किंचाळतेय, आणि आत लोक बाबांना हार घालतायत.

शेवटी एक मुलगी आली. खरीखुरी. पीएनआर विचारला.

"एस फॉर सुरगाणा," मी म्हटलं. "पी फॉर पेठ. के फॉर कळवण."

"मॅम, के फॉर काश्मीर?"
"नहीं. के फॉर कळवण."

तिने टाइप केलं. मग म्हणाली, "ओके मॅम, कळवण." बाकीचं बिचारीने निमूट लिहून घेतलं.

"सीट कन्फर्म्ड है, टाइम भी वही है. मॅम, कॉल करने की ज़रूरत नहीं थी."

"थी," मी म्हटलं.

बाबा, दादाचं रिकन्फर्म केलं. फोन करून, माणसाशी बोलून केलं. ओके आहे.

आणि सॉरी, बाबा.

दादा पोचेल वेळेवर. मग तुम्ही निघा.