सिस्टरांची वाटणी

सिस्टर कुणाला बसून बोलू देत नसत. "उठा, चालता चालता सांगा," म्हणत त्या पुढे निघायच्या आणि बोलणारा मागे धावायचा. पाथर्डी तालुक्यातल्या त्या कोरडवाहू गावात त्या उपकेंद्राच्या नर्स होत्या आणि मी नवा ग्रामसेवक. गाव मला भाऊसाहेब म्हणायचं. पन्नाशीच्या सिस्टरांमागे धावताना तिशीतल्या मला धाप लागायची.

आमची खरी गाठ पडली ती सोनाबाईमुळे. म्हातारीच्या डाव्या अंगावरून वारं गेलेलं. मुलगा-सून ऊसतोडीला कोल्हापूरकडे. शेजारीण भाकरी द्यायची, पण कूस कोण बदलणार? पडून पडून पाठीला जखम झाली. मी आरोग्य केंद्राला पत्र लिहिलं, रुग्णाची जबाबदारी तुमची. डॉक्टरांचं उत्तर आलं, एकट्या माणसाचं पंचायतीनं पाहावं. मी दुसरं पत्र लिहायला घेतलं, तर सिस्टर दारात उभ्या.

"भाऊसाहेब, बसा गाडीवर."

सोनाबाईच्या खोलीत त्यांनी मला म्हातारीला कुशीवर धरून ठेवायला लावलं आणि पट्टी सोडली. मी तोंड फिरवलं.

"बघा नीट. आता सांगा, ह्यातला पंचायतीचा कोपरा कोणता आणि दवाखान्याचा कोणता?"

सोनाबाई कण्हत म्हणाली, "नका वं भांडू. पोरगा येस्तवर जगवा मला."

परत आल्यावर मी ते दुसरं पत्र फाडून टाकलं.

पुढच्या ग्रामसभेला सिस्टर डॉक्टरांनाच घेऊन आल्या. सभा शाळेत भरली होती. त्यांनी खडू उचलला, फळ्यावर मधोमध रेघ मारली आणि म्हणाल्या, "भावाभावांत रानाची वाटणी होते ना? आज सोनाबाईच्या सेवेची करायची. वाटणी झाल्याशिवाय कुणी उठायचं न्हाई!" आयुष्यात पहिल्यांदाच त्या लोकांना बसवत होत्या.

मग काय रंगली सभा! जखम, गोळ्या, व्यायाम हे सारं डॉक्टरांकडं. दोन वेळचं जेवण, दारात नळ, उंबऱ्याला उतार आणि भिंतीला धरायची दांडी आमच्याकडं. सरपंच उठून म्हणाले, "दांडी उद्याच बसवतो!" डॉक्टर म्हणाले, "मग व्यायाम शिकवायला मी परवा येतो!" कालपर्यंत पत्रं टोलवणारे आम्ही, आता चढाओढीनं कामं मागून घेत होतो.

गाडी अडली ती अंघोळीपाशी. डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले, मी डॉक्टरांकडं. तेवढ्यात मागून बचत गटाच्या शेवंताकाकू गरजल्या, "पुरुषांनी कशाला डोकं खाजवायचं? अंघोळ आमची!" शाळा टाळ्यांनी दणाणली. सिस्टरांनी फळ्यावर तिसरा रकाना आखला.

जखम महिन्या-दीड महिन्यात भरत आली. मग सोनाबाई बसू लागली, आणि एका सकाळी दांडी धरून चक्क उभी राहिली. शेवंताकाकूंनी गल्लीभर साखर वाटली. होळीच्या सुमाराला तोडकऱ्यांचा ट्रॅक्टर गावात आला. आई दारात उभी दिसताच मुलानं चालत्या ट्रॉलीतून उडी टाकली. तो रडत सिस्टरांच्या पाया पडायला वाकला, तशा त्या दोन पावलं मागं सरल्या. "माझ्या कशाला पडतो? हुभी ती ऱ्हायली. तिच्या पड."

पावसाळ्याआधी त्यांची बदली राहुरी तालुक्यात झाली. निरोपाचा हार त्यांनी शेवंताकाकूंच्या गळ्यात घातला आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गणपत आजोबांना दिसंनासं झालंय. मोतीबिंदू काढायचं काम दवाखान्याचं, तिथवर न्यायचं काम तुमचं. विसरू नका."

विसरलो नाही. पंचायतीनं गाडी केली, नगरला ऑपरेशन झालं. डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी मी आजोबांना आणायला गेलो. त्यांनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"भाऊसाहेब व्हय तुमी? लईच बारीक हायेत की!"

मी हसत सुटलो. गाडीत बसल्यावर ते दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होते. मधेच थांबून म्हणाले, "सिस्टरचं तोंड काय बघितलं न्हाई मी कवा. त्या आल्या तवाच दिसायचं कमी झाल्तं."

पाथर्डीचा फाटा जवळ आला होता. मी ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली. "वळव गाडी. राहुरीला जायचंय."