कास्टलच्या वेलीला चार जातींची बोंडं

आमच्या हालर्टाऊत, जर्मनीतल्या या हॉपच्या मुलखात, नर हॉपला थारा नाही. बिअरला लागतं ते मादी वेलीचं बोंड. नराचे पराग उडाले की बोंडात बिया धरतात, मग वास गेला, फेस बसला आणि वर्षभराची मेहनत मातीत. म्हणून ओढ्याकाठी, कुंपणात, जिथे नर वेल दिसेल तिथे ती मुळासकट उपटायची. आमच्या गावात हे काम कास्टलचं. साठी उलटलेला, बिनलग्नाचा, नाकासमोर चालणारा माणूस. आम्ही त्याला चिडवायचो, गावातले सगळे नर संपवलेस, आता तू एकटाच उरलास. तो आपला मिशीवरचा फेस पुसायचा.

त्याच्या शेजारी वाल्बुर्गा राहते. नवरा गेल्यावर तिने माहेरच्या परसातून हॉपचं एक मूळ आणलं आणि कास्टलच्या भिंतीशी लावलं. बापाच्या हातची जुनी मिटलफ्र्यू जात आहे म्हणाली, वास बघ कसा घमघमेल. वेल छपराला टेकली. खाली बाक होता. रोज संध्याकाळी दोघं त्या सावलीत बसायची. ती मोजे विणायची, हा मुळा चिरून मीठ लावायचा. बोलणं फारसं नव्हतंच. पण त्या तासाभरासाठी हा बाबा सकाळीच दाढी करून ठेवायचा.

यंदा उन्हाळ्यात वेल पहिल्यांदा फुलली आणि कास्टलने बघितलं, ती नर होती. नर ओळखण्यात ज्याचा हात कोणी धरत नाही, त्याच्याच भिंतीवर! सांगावं तर उपटावी लागणार. वेल गेली की सावली गेली, सावली गेली की वाल्बुर्गा कशाला येतेय? गप्प बसला.

मग तोडणीला माझ्याच बोंडांत बिया निघाल्या. माझं डोकंच फिरलं. गावात नर आहे, म्हणून मी घसा फुटेस्तोवर ओरडलो. ठरलं, परसापरसांतली वेल तपासायची. ज्या वेलीला बोंडं ती मादी, बाकीच्या उपटायच्या. आणि तपासायला पुढे कोण? अर्थात कास्टल.

या शहाण्याने काय करावं? गावभरच्या तोडणीच्या गाड्यांमधून रस्त्यावर सांडलेली बोंडं गोळा केली आणि शिडीवर चढून एकेक करून हिरव्या लोकरीने आपल्या वेलीला बांधली. भरगच्च बांधली.

आम्ही त्याच्या दारी आलो तेव्हा वाल्बुर्गा बाकावर विणत बसली होती. बोंडं बघून बरं वाटलं. आता हॉपवाला माणूस बोंड दिसल्यावर हात आवरतोय थोडाच? मी एक तोडलं, तळव्यावर चोळलं, हुंगलं. कडू माग्नुम जात. बिअर बनवणाऱ्या क्विरिनने दुसरं हुंगलं, तर म्हणाला नाक फुटलंय का तुझं, हा संत्र्याचा वास आहे, ही मंडारिना. तिसऱ्याला पेर्ले लागली, चौथ्याला मिटलफ्र्यू. भांडण जुंपलं. एकमेकांच्या तळव्यात नाकं खुपसून झाली, नाकांच्या शपथा झाल्या. शेवटी सगळ्यांना पटलं की सगळेच बरोबर आहेत, आणि एकाच वेलीला चार जाती धरल्यात. क्विरिनला तर रडू यायला लागलं. कडू आधी उकळा, सुगंधी शेवटी घाला, आयुष्य त्यातच गेलं म्हणाला, आता एकच पोतं ओतलं की झालं. ताबडतोब ठरलं, हिची मुळं काढायची आणि गावातल्या प्रत्येक बागेत लावायची. मी तर कुदळ उचललीसुद्धा.

कास्टल वेलीपुढे आडवा झाला. एकदा वाल्बुर्गाकडे बघितलं त्याने, आणि म्हणाला, "लावू नका रे. ती नर आहे."

कोणी मानेना. म्हणे, एकट्यालाच हवीये याला. त्याने लोकरीच्या गाठी दाखवल्या, तर क्विरिन म्हणाला वेलीला दोरा काय सगळेच बांधतात. आम्ही असे बावळट! मग वाल्बुर्गा उठली. तिने एक बोंड ओढलं, गाठ सोडली, लोकर बोटाला गुंडाळून बघितली.

"माझे मोजे उसवलेस तू?"

"हिरवी लोकर तेवढीच होती घरात."

"पायात घालायला दिले होते ना मी?"

"वेल गेली असती," कास्टल म्हणाला, "मग तू कशाला बसायला आली असतीस इथे?"

बिया माझ्याच बोंडांत निघाल्या होत्या, तरी मी कुदळ खाली घेतली. कास्टलने माझ्या हातातली कुदळ घेतली आणि आजवर उपटल्या तशीच ती वेल मुळासकट उपटली. वाल्बुर्गा घरात निघून गेली. दार आपटलेलं आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी उन्हाने भिंत तापलेली. समोरच माझं घर, म्हणून दिसलं. कास्टल दाढी करून बाकावर एकटाच बसला होता, मुळा चिरलेलाच नव्हता. खरं सांगतो, सगळा राग विसरून मी त्याच्यासोबत बसायला निघालो.

तेवढ्यात वाल्बुर्गा छत्री उघडून आली. छत्री त्याच्या हातात दिली, शेजारी बसली आणि त्याचा पाय मांडीवर घेऊन लोकरीने माप घ्यायला लागली. लोकर लाल होती.