छुईची तुटलेली रेघ

सन १९३६. मी एकोणतीस वर्षांचा, रायपूरच्या बाजूच्या गोरेगावकडच्या एका ठाण्यात जमादार. शिक्षण चौथीपर्यंत, तेही धड नाही. पण चोर चेहऱ्यावरून ओळखतो ही माझी घमेंड होती. ती जिनं उतरवली ती बाई, शेणानं सारवलेली ओसरी दिसली की आजही डोळ्यांपुढे उभी राहते. नाव कोणाचंच लिहीत नाही.

एका शेतकऱ्याला घर विकून रायपूरला दुकान टाकायचं होतं. गिऱ्हाईक येणार म्हणून त्यानं घर नटवायला काढलं. छपराचे कवेलू फेरले, भिंती छुईच्या पांढऱ्या मातीनं पोतल्या आणि सारवायला गावातली एक विधवा लावली. तिच्या हातचं सारवण पाहून गिऱ्हाईक पाघळतं, असं लोक म्हणत. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं, पाहून गेलं, फिरकलं नाही. पुढं मालकानं आतल्या खोलीचा कोपरा खणला. तिथं त्याच्या आईची चांदी हंडीत पुरलेली होती. हंडी गायब.

फिर्याद आली. त्या खोलीत बसून काम केलेलं परकं माणूस एकच. मी बाईला ठाण्यात आणलं, दिवसभर तेच तेच विचारलं, दरडावलं. ती रडली नाही.

"कोठडीत टाका जमादारसाहेब, पन चोर म्हनू नका. मंग मले सारवाले कोन घरात घेईल? दोन पोरी कायच्यावर जगवू?"

आणि एकच धोशा: सारवणाच्या कडेनं छुईची रेघ टाकल्याशिवाय मी कोपरा सोडत नाही, ती रेघ पाहा. कोपरा तर मालकानं खणून टाकलेला. रेघेचा चोरीशी काय संबंध, म्हणून मी ते रोजनाम्यात लिहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. तिथं गिऱ्हाइकाबरोबर घर पाहायला आलेली त्याची म्हातारी आई भेटली. जबाब घ्यायचाच होता, म्हणून घर का नाकारलं ते विचारलं.

"घर नवरीवानी नटवलं होतं बाबू. पन आतल्या कोपऱ्यात सारवन ओलं अन् रेघ तुटलेली. बिनरेघेचं सारवतात ते मयत उचलल्यावर. असं घर काऊन घ्यावं?"

मी बाजारात उभाच राहिलो. म्हणजे बाई गेल्यावर आणि गिऱ्हाईक यायच्या आत कोणीतरी तो कोपरा उकरून पुन्हा सारवला होता. रीत माहीत नसलेल्या माणसानं.

संध्याकाळी ठाण्याच्या अंगणात शेणाचं घमेलं ठेवलं आणि मालक, त्याच घरात राहणारा त्याचा धाकटा भाऊ व बाई यांना पंचांसमोर एकेक पट्टा सारवायला सांगितलं. मालकाला शेण पसरवताही येईना. धाकटा म्हणाला, "बाईचं काम आमाले लावता, जमादार?" पण हात सफाईनं फिरला. उठून हात पुसू लागला.

"झालं?"

"झालं."

"रेघ?"

"कोनती रेघ?"

बाईनं आपला पट्टा संपवला आणि कोणी न सांगता चिमूटभर छुई मागितली. तिच्या बोटाखाली पांढरी रेघ उमटताना धाकटा पाहत राहिला, मग माझ्याकडे वळला. "दादा सारं घेऊन चालला होता. मायच्या चांदीत माहा वाटा नव्हता का?" हंडी तणसाच्या ढिगात निघाली.

माफी मागणं मला जमलं नाही. तिथल्या तिथं, जमलेल्या गावकऱ्यांपुढं, बाई निर्दोष आहे हे मालकाच्या तोंडून मोठ्यानं म्हणवून घेतलं, एवढंच. जाताना ती पायरीवर थांबली.

"ठान्याच्या ओसरीले रेघ काऊन नाही, साहेब? रोज मयत उचलता का?"

शिपाई हसले. मी नाही.

पुढं फौजदार होऊन निवृत्त झालो. माणूस एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असेल आणि मला ती बिनकामाची वाटत असेल, तर तीच आधी लिहायची, हे मी त्या बाईकडून शिकलो. त्या एका सवयीनं किती निरपराध सुटले असतील, मोजलं नाही. शाळेनं दिलं नाही ते तिनं दिलं. तिचे आणि त्या म्हातारीचे उपकार माझ्यावर आहेत.

बाईनं पायरीवरून विचारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, हजेरीच्या आधी मी घरून वाटीत छुई भिजवून नेली. साफा काढून बाजूला ठेवला आणि ठाण्याच्या ओसरीच्या कडेनं रेघ ओढली. वाकडी आली. पुसली नाही.