आप्पांचा दसऱ्या टमाटा

एक टमाटा चिरला तर आत शेकड्यानं बिया निघतात, आणि त्यातली एखादी उकिरड्यावर पडली तरी उगवते. आमच्या मंडळींच्या किश्शांचंही असंच आहे. मी एक सांगायला बसतो, आणि त्यातून चार उगवतात! घरचे म्हणतात, "पुन्हा टमाटेच का?" पण करणार काय? मी पाटोद्याला मास्तर होतो तेव्हा निजाम सरकारचा अंमल होता, आणि आमच्या भागात टमाटा खाणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. त्यातली चार रोज संध्याकाळी एकाच ओट्यावर बसायची.

ओटा रामलिंग आप्पांच्या किराणा दुकानाचा. आप्पा पन्नाशीचे, लिंगायत, अंगानं भक्कम आणि आवाजानं मऊ. दुसरे गणपतराव पाटील. जमीन भरपूर, धीर कमी. तिसरे हकीमसाहेब, सगळ्या गावाची नाडी त्यांच्या बोटाखाली. चौथा मी. चौघांना एकच नाद. टमाटा लावायचा, तो लवकर यायला हवा, आणि खाल्ल्यावर जिभेला त्याची आठवण राहायला हवी.

*

नाद लावला पाटलांनी. नगरकडून कुठूनसं बी आणून त्यांनी मृगात टाकलं, आणि फळ पिकायला संक्रांत उजाडली! फळ मात्र चांगलं ओंजळभर. पाटील ते ओट्यावर ठेवून म्हणाले, "आकार बघा, आकार!"

हकीमसाहेबांनी एक फोड तोंडात टाकली. चावली, गिळली, आणि म्हणाले, "पाटील, पानीच पिलाना था तो सीधा लोटा देते!"

त्याच फळांची एक टोपली पाटलांनी तलवाड्याला मेहुण्याकडे पाठवली. टोपली नेणाऱ्या गड्यानं सांगितलं, "विलायती वांगी हायेत." आमच्याकडे तेव्हा टमाट्याला तसंच म्हणायचे. वांगी म्हटल्यावर मेहुण्याच्या घरी ती रीतसर तेल लावून निखाऱ्यावर ठेवली, भरतासाठी! आठ दिवसांनी मेहुण्याचा निरोप आला.

"भरीत झालं न्हाई. चूल मात्र इझली."

*

मग ठरलं, बी पारखून पुण्याहून मागवायचं. जामखेडला माझा मावसभाऊ होता. तो इंग्रजांचा मुलूख, तिथं पुण्याचं टपाल लवकर यायचं. त्याच्याकरवी मी एका बियाण्यांच्या दुकानाचा कॅटलॉग मागवला. इंग्रजी मला वाचता यायचं. म्हणजे अक्षरं यायची! मी ओट्यावर बसून नावं वाचायला लागलो. अर्ली हे, अर्ली ते, अर्ली अमकं.

पाटील म्हणाले, "मास्तर, ह्ये अर्लीचं घराणं लई मोठं दिसतंय."

"अहो, अर्ली म्हणजे लवकर येणारं!"

"मग तसं सांगा की! कावून कोड्यात बोलता?"

पण शब्द त्यांना आवडला. त्या साली त्यांच्या सुनेला आठव्या महिन्यातच मुलगा झाला. बाळ-बाळंतीण खुशाल होती. पाटील साखर वाटत बाजारातून येत होते, ते लांबूनच ओरडले, "मास्तर, नातू अर्ली निघाला!"

*

बियांचं पार्सल जामखेडला आलं. ते आणायला बैलगाडीनं मी आणि आप्पा गेलो. सहा पुड्या, सहा नावं. शिवाय दुकानदारानं एक सातवी पुडी फुकट घातली होती, तिच्यावर नावच नव्हतं.

येताना निजामाच्या हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका लागला. तिथं आत येणाऱ्या प्रत्येक मालाची नोंद व्हायची. नाक्यावरचे मुन्शीजी म्हातारे, सरळ माणूस. लिस्टमध्ये नसलेली काडीसुद्धा सोडायचे नाहीत.

"ये क्या है?"

"बी हाय."

"काहे का?"

"टमाट्याचं."

लिस्टमध्ये टमाटा नव्हता. मुन्शीजींनी ती वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. शेवटी कलम शाईत बुडवून म्हणाले, "अरे भाई, लिखूँ तो क्या लिखूँ? खाने की चीज है, या दवा?"

आप्पांनी खरोखर विचार केला. पाटलांचा टमाटा आठवला असावा. हात जोडून म्हणाले, "मुन्शीजी, आजून ठरलं न्हाई!"

मुन्शीजी हसता हसता खोकायला लागले. "जाओ. ठरल्यावर सांगा."

*

ठरलं नव्हतं हे अगदी खरं होतं. निदान आप्पांच्या घरी तर नव्हतंच.

आप्पांची आई, काशीमाय, सत्तरीची. रोज घरामागच्या परड्यातल्या बेलाला पाणी घालून, त्याची पानं महादेवाला वाहिल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसे. तिनं पहिला टमाटा पाहिला आणि निकाल दिला, "रगतावानी लाल, कापला की आत मांसावानी. माझ्या चुलीला ह्येचा वास लागू द्यायचा न्हाई!"

म्हणून आप्पांचे वाफे घरी नव्हते, दुकानामागं होते. टमाटा ते मीठ लावून ओट्यावर खायचे, चूळ भरायचे, मिशा पुसायचे आणि मग घरी जायचे. पन्नाशीचा माणूस! तरी काशीमाय दारात म्हणायची, "तोंड उघड." आणि आप्पा उघडायचे.

आम्ही हसायचो. एकदा ते आमच्यावर चिडले. डोळे भरले होते त्यांचे. म्हणाले, "हसा लेको. पर मी लावलेली मेथी तिनं खाल्ली, दोडका खाल्ला, समदं खाल्लं. मंग ह्येच कावून न्हाई? एकदा तिनं चाखावं, मंग नावं ठेवावी. तिनं चाखलंच न्हाई तर मी पिकवलं कुणासाठी?"

पाटलांनी आपल्या वाटणीची फोड आप्पांपुढं सरकवली.

*

सात पुड्यांची परीक्षा हकीमसाहेबांनी घेतली. जन्मभर काढे चाखून त्यांची जीभ तयार झाली होती. डोळे मिटून चाखायचे आणि निकाल द्यायचे. पहिला, "फीका." दुसरा, "छिलका चामडे का." तिसऱ्याला नुसतीच मान हलवली. सहाही अर्ली फेल! चार तर दिवाळीपर्यंत पिकलेच नव्हते. ते पुढं पिकल्यावर फेल झाले.

राहिली बिननावाची सातवी पुडी. तिची झाडं बुटकी, फळ लिंबाएवढं, देठाशी हिरवं कंकण. पण ऐन दसऱ्याच्या दिवशी आम्ही एकमेकांना आपट्याची पानं देत होतो, तेव्हा आप्पांनी पानांबरोबर चार लालबुंद टमाटे काढले! हकीमसाहेबांनी एक खाल्ला. डोळे उघडले. माझ्या हातातला घेतला आणि तोही खाल्ला.

"अहो, पहिला परीक्षेसाठी होता. दुसरा कशासाठी?"

"दुसरा मेरे लिए!"

त्या दिवशी त्याचं नाव पडलं, दसऱ्या. आप्पांनी नाक्यावर मुन्शीजींना दोन फळं पाठवली. उलट निरोप आला, "दवा नहीं है."

*

आता चूक ऐका. दसऱ्या इतका गोड लागला की आम्ही चाखून चाखून झाडं रिकामी केली. आप्पांनी बियांसाठी म्हणून आठ फळं वाचवली आणि झाडं उपटून तिथं हरभरा टाकला. फळांचा गर बियांसकट तीन दिवस गाडग्यात मुरवायचा, मग बी धुऊन राखेत वाळवायचं, अशी रीत. दुकानात वास सुटला म्हणून आप्पांनी गाडगं घरच्या गोठ्यात दडवलं.

तिसऱ्या दिवशी काशीमायला वास लागला.

"लिंगायताच्या घरात दारू काढतो व्हय रे?"

"माय, बी हाय ते!"

"व्हतं! टाकलं मी."

"कुठं टाकलंस?"

"जिथं टाकायचं तिथं!"

आप्पा ओट्यावर येऊन बसले ते संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकाला जिरं मागितलं तर मोहरी देत होते. मी पुण्याच्या दुकानाला पत्र लिहिलं. उत्तर आलं, "जातीचे नाव कळवावे." नाव कुठून कळवू? ते तर आम्हीच ठेवलेलं! पुढची दोन वर्षं आणखी पुड्या आल्या, आणखी अर्ली आले. हकीमसाहेबांनी दुसरा म्हणून एकही मागितला नाही.

*

तिसऱ्या वर्षीच्या दसऱ्याला आम्ही चौघं काशीमायच्या पाया पडायला आपट्याची पानं घेऊन गेलो. एरवी ती दारातच सोनं घ्यायची. परड्यात बायकांची न्हाणी, म्हणून पुरुष तिकडं फिरकत नसत. आप्पासुद्धा नाही. पण यंदा मायचा गुडघा धरला होता. सूनबाई म्हणाल्या, "मागं बेलाखाली बसल्यात. तिथंच जा."

माय बाजेवर बसली होती. तिच्या पायाशी, बेलाच्या बुडाला, काठीला लाल नाड्यानं बांधलेलं एक बुटकं झाड. पाच-सहा लाल फळं. देठाशी हिरवं कंकण!

आप्पांच्या हातातली पानं खाली पडली.

माय आमच्याकडं न बघताच म्हणाली, "मी न्हाई लावलं. आपसूक आलं. महादेवाच्या बुडाशी आलेलं उपटू व्हय?"

मग तिनं एक फळ तोडलं, चिरलं, पळसाच्या पानावर मीठ टाकून पुढं केलं. हकीमसाहेबांनी फोड खाल्ली, डोळे उघडले, आणि दुसऱ्या फोडीला हात घातला. आप्पा मात्र मायकडंच बघत होते.

"माय... तू खाल्लं?"

मायनं उरलेली फोड मिठात बुडवली, तोंडात टाकली आणि सावकाश चावली.

"खाल्लं की. पर गेल्या सालचे ह्येच्याहून गोड व्हते."